पुण्याच्या नंबरची गाडी

गाझियाबादेत नऊ वर्षं काढून पद्माकरने जेवढं पुणं शिल्लक ठेवलं होतं, त्यात पहिला मान गाडीच्या नंबराचा. बोलण्यात 'बिल्कुल' आणि 'चलो' घुसले, पोह्यांत मटार आले, लेक रेवती 'उंबरठा' म्हटलं की भिंतीकडे बघू लागली. पण नंबर एमएच-बारा तो एमएच-बाराच. मेहुणा इंद्रजित मात्र पहिल्याच वर्षी रीतसर रोड टॅक्स भरून यूपीचा नंबर लावून मोकळा झाला. तेव्हापासून दर सणाला पद्माकर त्याला विचारी, "काय रे, बाटलास ना?" इंद्रजित हसून आणखी एक पुरी घेई.

उद्या संक्रांत. पद्माकरला लहानपणी सांभाळणारी सुनेत्राआत्या ऐंशीव्या वर्षी पुण्याहून आली होती, पानिपतला काला अंबचं युद्धस्मारक बघायला. घराण्यातला कुणी एक त्या लढाईत पडला असं तिचं म्हणणं, पुरावा तीच. "माझा पद्या मला स्वतःच्या गाडीतून नेणार," हे तिने अख्ख्या सोसायटीला सांगून ठेवलं होतं. नऊ वर्षांत आत्यासाठी फोनपलीकडे काही न केलेल्या पद्माकरला हे एवढं तरी करायचंच होतं.

आणि आज सकाळी गाडी पुसताना त्याला दिसलं, की काचेवरचा निळा स्टिकर नाही. गाडी पेट्रोलवर चालते हे पोलिसांना लांबूनच सांगणारा तो चौकोनी तुकडा. गेल्या महिन्यात दगड लागून काच बदलली, जुन्या काचेबरोबर तोही भंगारात गेला. थंडीच्या धुरक्यात इथे नाक्यानाक्यावर तपासणी असते, स्टिकर नसला की दंड.

"पुण्यातल्या तुमच्या मित्राला, आशयला सांगा, तो नवा काढून पाठवेल," बायको अरुणा म्हणाली.

"तो येईस्तोवर आत्या परत जाईल. मी आरटीओतच जातो."

"तिथे जास्त बोलू नका."

हा सल्ला अरुणा लग्नापासून देत आली होती, आणि तो तेव्हापासून तसाच कोरा करकरीत होता.

खिडकीतल्या कारकुनाने आरसी उलटीपालटी करून सहज विचारलं, "बाहर के हो?"

एवढंच. 'हो' म्हटलं असतं, तर पुण्याला अर्ज करा एवढं सांगून त्याने घरी पाठवलं असतं. पण पद्माकरच्या वर्मी लागलं.

"बाहर का? नौ साल से यहीं हूँ जी! फ्लैट अपना है, वोटर कार्ड यहाँ का है!" आणि कुणी न मागता त्याने ते कार्ड खिडकीत सरकवलं.

कारकुनाने चष्मा लावला. इतकं आयतं गिऱ्हाईक त्याने नोकरीत पाहिलं नसावं. "अच्छा. और गाड़ी?"

"गाड़ी भी तब से यहीं है!" पद्माकर अभिमानाने म्हणाला, आणि मग त्याला स्वतःचं वाक्य ऐकू आलं.

"फिर तो सर, पहले यूपी का टैक्स। स्टिकर बाद में," नंबर टिपून घेत कारकून अत्यंत अदबीने म्हणाला. "तब तक रोड पर मत निकालिएगा, ज़ब्त हो जाएगी।"

घरी त्याने फक्त "गाडी नेता येणार नाही" एवढंच सांगितलं. अरुणाने पुढचं विचारलं नाही. तिने सरळ भावाला फोन लावला.

संक्रांतीच्या सकाळी इंद्रजित गाडी घेऊन हजर. त्याच्या तोंडून आता नऊ वर्षांचं व्याज निघणार म्हणून पद्माकर मान खाली घालून उभा राहिला. इंद्रजितने नुसती किल्ली पुढे केली. "भावोजी, तुम्हीच चालवा. आत्यांनी तुमचं नाव सांगितलंय सगळ्यांना." आणि स्वतः मागे जाऊन बसला. टोमणा मारला असता तर परवडला असता.

काला अंबला पुण्याहून आलेल्या गाड्यांची ही गर्दी. आत्या हात धरून उतरत होती, तेवढ्यात एमएच-बारातून भगवा फेटा बांधलेल्या एकाने यूपीचा नंबर पाहून हाक मारली, "ओ भैया! गाड़ी ज़रा पीछे लो ना!"

पद्माकरने तोंड उघडलं. अस्सल मराठी शिव्या ओठांवर रांग लावून उभ्या होत्या. पण शिवी दिली की ओळख निघणार, ओळख निघाली की 'मग हा नंबर कसा?' निघणार.

"हाँ जी, लेता हूँ," तो म्हणाला.

आत्याने त्याच्या दंडावर थाप मारली. "किती छान हिंदी बोलतोस रे पद्या! अगदी इथलाच वाटतोस."