इस्पिकचा एकटा एक्का

क्लबात तिला सगळे नक्कीताई म्हणत. तिने पैजेच्या चकत्या पुढे सरकवल्या की समोरचे पानं टाकून मोकळे होत. "हिने लावलंय म्हणजे नक्की असणार!" त्यामुळे चांगली पानं येऊनही तिच्या पदरात फारसं काही पडत नसे.

खेळ शिकवला होता तिच्या दादाने. ओमाहा पोकर: हातात चार पानं, त्यातली नेमकी दोन वापरायची आणि मेजावरच्या पाचांतली तीन. मेजाच्या मध्ये जेवढ्या चकत्या जमल्या असतील, त्याहून जास्त एका वेळी लावता येत नाही. दादा बस डेपोत निरीक्षक म्हणून जन्मभर लोकांची तिकिटं तपासत आलेला. माणूस ओळखण्यात आपला हात कोणी धरणार नाही, असा त्याचा ठाम समज. "लागलं तरच लाव," तो बहिणीला सांगे. "हूल देणं तुझं काम नव्हे. तुझा चेहराच बोलतो."

ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. गेले चार महिने जेवणाच्या सुट्टीत ती एकटीच पानं वाटून बसे. मेजावर तीन पानं उघडली की आधी स्वतःच्या हाताकडे बघायची खोड तिने मोडली. समोरच्याकडे काय असू शकतं आणि काय असूच शकत नाही, हे ती आधी स्वतःला विचारू लागली.

रविवारी सकाळी गॅरेजच्या वरच्या हॉलमध्ये स्पर्धा होती. दुपारपर्यंत तिघंच उरले: ती, दादा आणि पोस्टमन.

तिच्या हातात इस्पिकचा एक्का, बदामाचा एक्का, किलवरची अठ्ठी आणि छक्की आली. मेजावर उघडली चौकटची नव्वी, इस्पिकची सत्ती आणि तिर्री. पंजी किंवा दश्शी आली तर तिची सलग पाच पानांची ओळ पुरी होणार होती. तिने मध्ये होतं तेवढं सगळं लावलं. पोस्टमनने पानं टाकली, दादा मात्र राहिला.

चौथं पान इस्पिकची राणी. आता मेजावर तीन इस्पिक झाली. ज्याच्या हातात दोन इस्पिक असतील, त्याचा पाचांचा रंग जमला. दादाचा जमलाय, हे ती त्याच्या सावरून बसण्यावरूनच समजली. पण सगळ्यात मोठा रंग एक्क्याचा, आणि एक्का तर तिच्याकडे! जोडीला दुसरं इस्पिक नव्हतं, हे फक्त तिलाच ठाऊक. तिने मध्ये होतं त्याच्या अर्धंच लावलं. दादाने तेवढ्याच चकत्या टाकल्या.

पाचवं पान बदामाची दुर्री. तिच्या काही कामाची नाही. तरी तिने मध्ये होतं तेवढं पुन्हा सगळं लावलं.

दादाने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "एक्का आहे तुझ्याकडे," तो शेवटी म्हणाला आणि राजाचा रंग उताणा टाकून दिला.

"आहे की," म्हणत तिने दोन्ही एक्के उलटले. एक काळा, एक लाल.

पोस्टमनला हसू आवरेना. दादाचा चेहरा लालबुंद झाला. "मला फसवलंस? मला?"

"तूच म्हणालास ना, एक्का आहे म्हणून! मी कुठे खोटं बोलले?"

क्षणभर वाटलं, आता हा उठून जाणार. मग त्याचे खांदे हलायला लागले, आणि तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

स्पर्धा जिंकली पोस्टमनने, तीही निव्वळ नशिबावर. भाऊबहीण जिना उतरता उतरता मधल्याच पायरीवर टेकले. आयुष्यभर तिला समजावत आलेला दादा जरा घुटमळला, मग म्हणाला, "राणी आली तेव्हा अर्धंच का लावलंस गं?"

"तेव्हाच सगळं लावलं असतं, तर शेवटी तुला घाबरवायला माझ्याकडे काय उरलं असतं?"

दादाने खिशातून पत्त्यांचा कॅट काढला आणि तिच्या हातात दिला. "थांब. पहिल्यापासून मांडून दाखव. सावकाश सांग."

ती पायरीवर पानं मांडू लागली, आणि तो पुढे वाकून ऐकू लागला.