चिंचेखालची मच्छरदाणी

मित्रांनो, मी एक जुनी मच्छरदाणी आहे. नाक मुरडू नका. माझ्या अंगाला तळ्याच्या गाळाचा वास येतो, जागोजागी ठिगळं आहेत, आणि एका कोपऱ्यावर पक्ष्याच्या शिटेचा असा डाग पडला आहे की मायाबाईंनी साबणाच्या तीन वड्या झिजवल्या तरी तो हलला नाही. तरीही माझ्याइतकी मानाची मच्छरदाणी अख्ख्या रायपुरात सापडायची नाही. बढाई वाटते ना? मग सगळं ऐका. त्यात माझी फजिती आहे, आणि माझ्याकडून घडलेलं एक पापही आहे.

ज्या साली रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं, त्याच साली माझा जन्म झाला. शहरात फटाके वाजत होते आणि मायाबाई सातव्या महिन्याचं पोट सांभाळत पंडरीच्या कपडा बाजारात जाळीचे तागे चाचपत होत्या. बाळासाठी जाळी मऊ हवी आणि डासासाठी बारीक हवी, अशी त्यांची अट. दुकानदाराला त्यांनी अकरा तागे उलगडायला लावले आणि बारावा पसंत केला. तो म्हणजे मी. कडेला लावायला लाल पट्टी त्यांनी सदर बाजारातून आणली. घरच्या शिलाई मशीनवर मला शिवलं आणि चारही कोपऱ्यांना दुहेरी टीप मारली. ती टीप आजही शाबूत आहे.

मायाबाईंचे यजमान भैय्यालाल रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात कामाला होते. मूळचे भंडारा जिल्ह्यातले, तळ्यांच्या मुलखातले. मुलगी झाली, तिचं नाव ठेवलं दीपमाला. रेल्वे क्वार्टरच्या मागे नाली होती आणि डास म्हणजे नुसती फौज! पण माझ्या आत एकाचीही डाळ शिजली नाही. दीपमाला आपलं इवलंसं बोट माझ्या भोकात घालायची, ते अडकलं की रडायची, आणि सुटलं की पुन्हा घालायची. ती सवय तिची मोठेपणीही गेली नाही. शेजारणी म्हणायच्या, "मायाची मच्छरदाणी म्हणजे किल्ला हाय वो." मला तेव्हा वाटायचं की जगात माझ्यासारखी मीच.

मग भिंतीत खोचायचं डासांचं औषध घरात आलं. माझी घडी झाली, घडीची पिशवी झाली आणि पिशवी कपाटावर गेली. तिथं मी किती वर्षं काढली ते विचारू नका. गरज सरो, वैद्य मरो, हे मी वरून धूळ खात शिकले.

भैय्यालाल निवृत्त झाले तेव्हा त्यांनी नवा रायपूरच्या कडेला एका जुन्या गावात छोटंसं घर घेतलं. एका बाजूला मंत्रालयाकडे जाणारा रुंद, मोकळा रस्ता, दुसऱ्या बाजूला धानाची शेतं आणि बंधवा नावाचं तळं. दीपमाला तोवर वनरक्षक झाली होती. खाकी कपड्यांत ती घरात शिरली की मायाबाई पदर सावरून उभ्या राहायच्या आणि मग स्वतःच हसायच्या.

या गावात देवीदास नावाच्या शेतकऱ्याच्या दारात एक मोठी चिंच आहे. दर आषाढाच्या तोंडावर तिच्यावर घोंघिल उतरतात. घोंघिल म्हणजे चोच मिटली तरी मधे फट राहणारा करकोचा. त्या फटीचा उपयोग पाण्यातल्या गोगलगायी, म्हणजे घोंघे, फोडायला. घोंघिल आले की पाऊस मागोमाग येतो, असं गाव मानतं, आणि ते आल्यावरच धानाची पेरणी करतं. त्यांना कुणी हुसकावत नाही. देवीदास तर त्यांना 'पहुना' म्हणतात, म्हणजे पाहुणा. चिंचेखाली मऊ माती होती तोवर घरट्यातून पडलेलं एखादं पिल्लू वाचायचंही. पण आता दारातून सिमेंटचा रस्ता गेला होता.

आता माझ्या पापाकडे येते.

निवृत्त माणसाला दिवस खायला उठतो. त्यातून भैय्यालाल पडले तळ्याकाठचे. पाऊस लागला, बंधवा भरलं, तसे त्यांना लहानपणचे झिंगे आठवले. त्यांनी कपाटावरून मला काढलं.

"अजी, मच्छर का आता तळ्यात धरून राहिले तुमी?" मायाबाईंनी विचारलं.

"आमच्या गावी जुन्या लुगड्यानं झिंगे धरत होतो आमी. हे तं त्याच्याऊन मजबूत हाय. पाय तू, कसा रस्सा होते ते!"

दोन बांबूंमध्ये मला ताणलं आणि गुडघाभर पाण्यात, तळ खरवडत पुढं ढकललं. मित्रांनो, मला अडवणं तेवढं ठाऊक. डास अडवायला बनलेली मी, माझ्या भोकातून काय निसटणार? झिंगे आलेच, पण नखाएवढी मासळी आली, माशांची अंडी आली आणि गाळातल्या गोगलगायी तर ओंजळी-ओंजळीनं आल्या. त्या त्यांनी काठावर फेकून दिल्या. वर म्हणाले, "तळं साफ होऊन राहिलं."

रस्सा झकास झाला. वाटी शेजारी गेली, आणि वाटीमागं युक्तीही गेली. महिनाभरात पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या आळीतल्या, सात घरांतून जुन्या मच्छरदाण्या निघाल्या आणि रोज सकाळी बंधव्याच्या काठाला रांगेनं लागल्या. भैय्यालाल त्या सगळ्यांचे गुरू. कौतुक कुणाला नको असतं? मलाही आवडत होतं. इतक्या वर्षांनी कुणीतरी मला हातात घेतलं होतं.

श्रावणात पिल्लं पडायला लागली. दर वर्षी दोन-चार पडायची, या वर्षी रोज एक. सिमेंटवर धप्प आवाज व्हायचा आणि देवीदास दार उघडायचे. आठवड्याभरात त्यांनी सहा पिल्लं आपल्या हातांनी पुरली. सातव्या दिवशी त्यांनी दीपमालाला निरोप धाडून बोलावलं. मी घरी ओट्यावरच्या दोरीवर होते, पण संध्याकाळी तिनं सगळं सांगितलं ते ऐकलं.

"पहुना मोर दुआरी मा मरत हे, बेटी. ये बने नोहे," असं ते म्हणाले होते. पाहुणा दारात मरतो, हे बरं नाही. "देवारी के पाछू रुख ला कटवा देहूँ." दिवाळी झाली की झाड तोडून टाकायचं, म्हणजे पुढल्या वर्षी पाहुणे यायचे नाहीत आणि मरायचेही नाहीत. ज्या माणसानं त्या पक्ष्यांवर सगळ्यांत जास्त माया केली, तोच कुऱ्हाड आणवणार होता.

दीपमाला ओट्यावर बसून बूट काढत होती. डोळे लाल. "बाबा, पेड़ के नीचे बाँधने की जाली की अर्ज़ी दी है मैंने, पर उसको टाइम लगेगा," ती म्हणाली. ती घरात बहुतेक हिंदीतच बोलते. "और जानवरों के डॉक्टर ने आज मरा हुआ पिल्लू देखा. पेट एकदम ख़ाली था. भूखे हैं ना, इसलिए धक्का-मुक्की करते हैं, और जो छोटा रहता है वो गिर जाता है. मैं तालाब पे गई थी. किनारे पे घोंघे का ढेर पड़ा है, सूख के सफ़ेद हो गया. किसने फेंका, कोई बताता ही नहीं."

भैय्यालाल जेवायला बसले होते. त्यांचा घास हातातच राहिला.

दीपमालानं सवयीनं डोकं माझ्यावर टेकवलं आणि बोट माझ्या भोकांवरून फिरवू लागली. लाल पट्टीच्या शिवणीत ते बोट थांबलं. तिथं एक गोगलगाय अडकून वाळली होती, मोहरीच्या दाण्याहून थोडी मोठी. तिनं ती तळहातावर घेतली आणि बापाकडे बघितलं. त्या क्षणी मला वाटलं, मला चुलीत घातलं असतं तर बरं झालं असतं.

"मीच फेकले," भैय्यालाल म्हणाले. "पोरांईले पन मीच शिकवलं. मले का मालूम माय, ते घोंघे त्याईचा भात हाय म्हनून!"

"पूरे गाँव को मैं समझाती फिरती हूँ, बाबा," दीपमाला एवढंच म्हणाली आणि ओंजळीत तोंड घालून रडली. ओरडली असती तर बापाला सोपं गेलं असतं. त्यांनी ताट सरकवलं. मायाबाईंनीही त्या दिवशी कुणाला वाढू का म्हणून विचारलं नाही.

सकाळी भैय्यालाल मला खांद्यावर टाकून निघाले. तळ्याकडे नाही, पाऱ्यातल्या सात घरांकडे. निवृत्त माणसाला शाबासकीची सवय लवकर लागते, चूक कबूल करायची नाही. पहिल्या दारात त्यांनी मच्छरदाणी परत मागितली.

"भैया, आप ही तो सिखाए थे!" पहिल्या घरची बाई म्हणाली.

"हव. मीच शिकवलं. आता मीच वापस घ्याले आलो," भैय्यालाल म्हणाले, आणि मग आपल्या मोडक्या हिंदीत त्यांनी रिकाम्या पोटाचं ते पिल्लू तिला सांगितलं. सातही दारांत त्यांनी तेच सांगितलं. कुणी हसलं, एकानं दोन गोष्टी सुनावल्याही. पण बारा वाजता ते परतले तेव्हा त्यांच्या खांद्यावर माझ्यासकट आठ मच्छरदाण्या होत्या: निळी, गुलाबी, हिरवी, भोकं पडलेली, कशीही.

दोन दिवस मायाबाईंचं मशीन थांबलं नाही. आम्ही आठ जणी एकमेकींना जोडल्या गेलो, आणि मी मधोमध. भैय्यालालांनी कारखान्यात शिकलेल्या गाठी मारून दोराचं एक जाड जाळं विणलं. ते खाली, आम्ही वर. नुसता दोर असता तर पिल्लांचे पाय अडकून मोडले असते, आणि नुसत्या आम्ही असतो तर फाटून गेलो असतो. चिंचेभोवती बांबू पुरले, डोक्याच्या वर आम्हाला बांधायला घेतलं. भैय्यालाल प्रत्येक दोर ताणून ताणून आवळू लागले.

"अजी, इतकं ताणू नोका!" मायाबाई खालून ओरडल्या. "उसळून बाहेर पडन थे. पोरीची झोळी कशी बांधत होतो आपन? तशी ढिली सोडा."

त्यांनी ढिली सोडली.

देवीदास दारात उभे राहून सगळं बघत होते. मायाबाईंनी चहा दिला, तो घेतला.

पहिले दोन दिवस काहीच झालं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी वर पंखांची झटापट ऐकू आली, एक फांदी हलली, आणि माझ्या बरोब्बर मध्यावर काहीतरी जड येऊन पडलं. आयुष्यभर मी हलक्या गोष्टी अडवल्या होत्या, डास आणि मासळीची पोरं. हा भार निराळा होता. ऊन होता, थरथरत होता, आणि मी वाकले, खूप वाकले, पण मायाबाईंची दुहेरी टीप सुटली नाही.

देवीदास धावत आले. "जियत हे?" त्यांनी विचारलं. जिवंत आहे का?

दीपमाला शिडीवर चढून जाळ्याच्या काठावर पोटावर आडवी झाली होती. तिनं त्या काळ्याकरड्या गोळ्याला दोन्ही हातांत धरलं. "हव कका," ती म्हणाली, "जियत हे!"

म्हातारे देवीदास तिथंच रस्त्यावर बसले आणि गमछ्यानं डोळे पुसू लागले.

त्या पिल्लाला टोपलीत ठेवलं. त्याला लागतील गोगलगायी. आणि त्या कोण आणणार? भैय्यालाल. ज्यांनी बादल्या भरून फेकल्या होत्या, ते रोज पहाटे धानाच्या बांधावर वाकून एक-एक वेचू लागले. कमरेवर हात ठेवून परतायचे, तेव्हा मायाबाई म्हणायच्या, "साठीच्या मानसाले चांगलं कामाले लावलं पाहुण्यानं!" त्या हंगामात आमच्यावर अकरा पिल्लं पडली. नऊ वाचली. दोन नाही वाचली, ते लपवणार नाही. बंधव्यात पुन्हा कुणी मच्छरदाणी नेली नाही, आणि भादव्यात काठाच्या गवताला गोगलगायींची अंडी चिकटलेली दीपमालानं बापाला नेऊन दाखवली.

घोंघिल उडून गेले. आम्हाला उतरवलं, धुतलं, घडी घातली. दिवाळी आली. झाडाचं काय, हे विचारायची कुणाचीच छाती होत नव्हती. कुऱ्हाडवाले आले नाहीत, पण देवीदासही काही बोलले नाहीत. हिवाळा गेला, उन्हाळा आला, आणि मी पिशवीत पडून रोज कान देऊन होते की कुठं लाकूड फोडल्याचा आवाज येतो का.

जेठात एका सकाळी देवीदास आमच्या घरी आले. काखेत एक बोचकं. त्यांनी ते ओट्यावर सोडलं. आत पिवळी मच्छरदाणी होती, अजून बिछान्याचा वास असलेली. त्यांची स्वतःची.

"एहू ला जोड़ देबे, भौजी," ते मायाबाईंना म्हणाले. हिलाही जोडून दे.

मायाबाईंनी हळूच विचारलं, "और झाड? काटाचं होतं न, दादा?"

"पहुना आवत हे," देवीदास म्हणाले. "रुख ला कइसे काटहूँ?"

पाहुणे येताहेत, झाड कसं कापू? मित्रांनो, माझ्या आयुष्यात माझी पुष्कळ स्तुती झाली, पण एवढं गोड वाक्य मी ऐकलं नाही. भैय्यालाल तर तोंड फिरवून उगाच बांबू शोधायला लागले.

तेव्हा एक विनंती ऐका. तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी जुनी मच्छरदाणी कपाटावर पडली असेल, तर तिला तळ्यात नेऊ नका. आमच्या भोकांना अक्कल नसते. कुणाला अडवायचं आणि कुणाला जाऊ द्यायचं, हे आम्हाला कळत नाही. ते आम्हाला धरणाऱ्या हातांनी ठरवायचं असतं. आणि त्या हातांकडून चूक झालीच, तर सात दारं हिंडून ती कबूल करायला लाजू नका. मी ते खांद्यावरून बघितलं आहे. त्यानं माणूस लहान होत नाही.

आता आम्ही नऊ जणी आहोत. चिंचेवर पुन्हा घरटी झाली आहेत, कालपासून आत पिल्लांची किरकिर ऐकू येते. मायाबाईंनी सांगितल्याप्रमाणे आम्हाला ढिलं बांधलं आहे. मी वर बघत असते.