चौलच्या पोवळ्याने घेतलेला सूड

मित्रांनो, मी एक जुने पोवळे आहे. जुने आणि मेलेले. पण माझा राग अजून मेलेला नाही.

चौलजवळच्या खडकांत, ओहोटीतही पाणी राहते अशा एका खळग्यात मी वाढले. मोहरीएवढे असंख्य जीव माझ्या अंगावर राहत आणि पाण्यातला चुना घेऊन दरवर्षी हाडासारखा एक थर रचत. पाणी उबदार होते की थंड, नितळ की गढूळ, हे त्या थरात आपोआप उतरे. शेजारच्या खडकाला चिकटलेली कालवे, म्हणजे खायचे शिंपले, फोडायला गावातली गोदूबाई येई. तिने माझ्यावर कधी पाय दिला नाही.

मग जेट्टीसाठी एक कंपनी समुद्राचा तळ उपसू लागली. गाळ माझ्यावर बसला आणि माझे जीव गुदमरून मेले. कालवेही गेली. गोदूबाई जाब विचारायला गेली, तेव्हा कंपनीचे हर्षदसाहेब म्हणाले, "बाई, समुद्र तापलाय. जगभर पोवळी मरतायत."

"तापून न्हाय मेली. तुमच्या चिखलानं मेली!"

कंपनीची सगळी माणसे हसली. त्या हसण्याचा सूड मला हवा होता.

माणगावची जयमाला समुद्राचा अभ्यास करते. गोदूबाईने तिला माझ्यापाशी आणले.

"मावशी, कापलं तर परत जोडता येणार नाही."

"मेलेल्याला काय जोडतेस? आत काय हाय ते बघ."

करवत अंगातून फिरली, आणि मला आनंद झाला. जयमालाने माझा एक्स-रे काढला. एकेका थराची भुकटी तपासून त्या त्या वर्षी पाणी किती तापले होते, ते शोधले.

गोदूबाईने कंपनीविरुद्ध तक्रार केली, आणि तिच्या सुनावणीत साहेबांनी तेच पालुपद लावले. जयमालाने माझा काप टेबलावर ठेवला.

"समुद्र तापतोय, खरंय. ही बघा फार गरम वर्षं. थर बारीक झाले, पण पोवळं जगलं. हा शेवटचा थर, तुमचा उपसा सुरू झाला त्या वर्षीचा. तेव्हा पाणी त्याहून थंड होतं. आणि यात अडकलाय तो गाळ तुमचा आहे."

साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"हसा की आता," गोदूबाई म्हणाली.

उपसा बंद झाला. माझे जीव काही परतले नाहीत, तरीही सुनावणीत कोणी हसले नाही, ती शांतता मला गोड लागली.

मित्रांनो, माझ्यासाठी हळहळू नका. त्या खडकांत अजून जिवंत पोवळी आहेत, त्यांना जपा. ती मेली तर तीही बोलतील, आणि तेव्हा उत्तर तुम्हाला द्यावे लागेल.