थोरलीची खरी बहीण

हिर्डोशीत कुणाच्या अंगावर काही उठलं की आधी ठकुबाईला बोलावणं जायचं. ती फोड निरखून सांगायची, ही गोवर, धाकटी. ही कांजण्या, मधली. ही देवी, थोरली. तिघी सख्ख्या बहिणी, आणि एकीचा मान झाला की दुसरी त्या दारात येत नाही, हे तिचं पक्कं मत. तिच्या शब्दाला वजनही होतं. तरणेपणी देवीची साथ आली तेव्हा तिनं घरादाराची शुश्रूषा केली, नवऱ्याला पोचवलं, पण तिच्या अंगावर पुटकुळीसुद्धा उठली नाही. देवीनं हिला पदरात घेतली, असं लोक म्हणायचे. पुढं पुढं तीही म्हणायला लागली.

म्हणून सदुसष्टच्या उन्हाळ्यात भोरहून देवी टोचणारे आनंदराव घाट चढून आले, तेव्हा ठकुबाईनं नात सगुणीला कणगीमागं दडवली. पोरीला दिवाळीत कांजण्या येऊन गेल्या होत्या. मधलीचा मान झाला, आता सुई टोचून थोरलीला कशाला डिवचायचं? सून साळू दबकत म्हणाली, टोचून घेऊ या. ठकुबाईनं तिला गप्प केलं. म्हातारीकडं शहाणपण उदंड, पण नको तिथं.

महिन्याभरात सगुणीला ताप भरला. फोड तोंडावर आले, मग तळहातांवर. मधली तळहातांवर सहसा उठत नाही. कोण आलंय ते ठकुबाईला कळलं. लिंबाचा पाला झाला, दहीभाताचा निवद झाला. अमावस्येच्या आत पोर गेली.

आनंदराव घरातल्यांना टोचायला पुन्हा आले. ठकुबाईच्या बोटांवरचे गोल पांढरे वण बघून त्यांनी विचारलं, हे कशाचे? साथीच्या आदल्या साली म्हशीच्या सडांवर फोड होते, ती म्हणाली, धार काढताना हाताला आले. सांगावं की नाही, असं आनंदरावांना झालं असावं.

“आजी, कांजण्या देवीची कुणी लागत नाही. नुसतं तोंड सारखं. देवीची खरी भावकी ही, म्हशीच्या सडावरची. ती अंगात येऊन गेली म्हणून तुम्ही वाचलात. आमची लस त्याच घराण्यातली.”

ठकुबाई आपल्या हातांकडं बघत राहिली. गेल्या पावसाळ्यात गोठ्यातल्या म्हशीला तसेच फोड आले होते.

“पोर रोज म्हनायची, आजे, मला बी धार काडू दे. म्या हात झटकला तिचा. म्हनलं, फोड येत्याल.”

साळूनं ते ऐकलं. सगुणीच्या पाठच्या तान्ह्याला पुढं करून तिनं त्याचा दंड उघडा केला आणि सुई लागेपर्यंत गच्च धरून ठेवला.

सांजेला म्हैस रेकू लागली तशी ठकुबाई सवयीनं चरवी घेऊन उठली. साळूनं ती तिच्या हातातून काढून घेतली आणि एकटीच गोठ्यात गेली.