चाळीस मिनिटांची देवयानी

फौजदारसाहेब, तुम्ही माझ्या अंगणात भर उन्हात कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलंत आणि आतला रोल शेवया ओढाव्या तसा ओढून काढलात. मी हेर नव्हतो. एक शब्द विचारला असतात तर कळलं असतं. विचारलं नाहीत, हा तुमचा गुन्हा.

मी सूर्यभान. काष्टीत ऑइल इंजिनं दुरुस्त करतो. शिक्षण सातवी. दुर्बीण माझ्या हातची. काचेवर काच घासून सहा इंची आरसा केला, त्यात आठ महिने गेले. नळी पत्र्याची. फिरवायला बैलगाडीचा जुना आख, ध्रुवाच्या रोखानं तिरका गाडलेला. नळीच्या पाठीवर पुंजारामचा कॅमेरा बांधला. पुंजाराम आमच्या बाजारात जोडप्यांचे फोटो काढतो.

डिसेंबरात लढाई लागली आणि ब्लॅकआऊट आला. नदीपलीकडच्या दौंड स्टेशनचा उजेड एरवी आमचं आभाळ नासवतो, तो गेला. असा अंधार पुन्हा मिळणार नव्हता. देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखंच ताऱ्यांचं दुसरं गाव, संध्याकाळी सातला डोक्यावर होती. चाळीस मिनिटं शटर उघडं ठेवलं. तेवढा वेळ मी नळीला डोळा लावून एकच तारा भिंगात ताणलेल्या बारीक तारांच्या फुलीवर धरून ठेवला, स्क्रू केसभर केसभर फिरवत.

"श्वास तरी घे की मर्दा," पुंजाराम म्हणाला.

"गप. आख हलंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आलात. गावात कुणीतरी चुगली केली होती, सूर्यभान विमानांना खुणा करतो म्हणून. तुमचा हात कॅमेऱ्याकडे गेला तसा मी ओरडलो, "उघडू नका साहेब, सगळं जाईल." तोच तुम्हाला कबुलीजबाब वाटला.

"काय जाईल? पुरावा व्हय?" तुमचा हवालदार म्हणाला.

तुमच्या चौकीत मी चार दिवस बसलो. मारलं नाहीत, हेही लिहितो. पण झोप आली नाही. वीस लाख वर्षं चालून आलेला उजेड माझ्या अंगणापर्यंत पोचला आणि तिथं मेला, एवढंच डोक्यात.

लढाई संपली, मला जामिनावर सोडलंत. घरी आलो तर बायको चांगुणा म्हणाली, "पुंजारामभावजी तीनदा येऊन गेले. आधी तिकडं जावा."

गेलो. मान खाली घालून म्हणालो, "तुझा कॅमेरा जप्त झाला पुंजाराम. रोलही गेला."

"कंचा रोल?"

"आपला. देवयानीचा."

"त्यो त्याच राती काढला मी. तू आखाचं वंगण पुसत हुतास. मी गोधडीत हात घालून रोल काढला आन नवा घातला. आमच्या बाचं सांगनं हाय, रिकामा पाळना हलवू नये, रिकामा कॅमेरा ठिवू नये. त्यांनी उपसला त्यो कोरा."

मी बाकड्यावर बसलो.

"सांगायचं न्हाई व्हय?"

"चौकीत यिऊन सांगू? मंग ह्यो बी उपसला असता."

त्यानं धुतलेली फिल्म हातात दिली. मी ती घरी आणली. चांगुणानं कंदिलासमोर धरली. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं, आभाळ पांढरं, तारे काळे. मधोमध एक तिरका, लांबट, काळपट ठिपका.

"हे व्हय? काणी लागून काळा पडलेला जोंधळ्याचा दाना दिसतोय."

"तीच ती."

"आन ह्याच्यासाठी चार दिस चौकीत?"

"व्हय."

ती हसली, मग मीही हसलो. त्या रात्री पोटभर जेवलो आणि उन्हं वर येईपर्यंत झोपलो.

एवढ्यावर मी सोडूनही दिलं असतं. पण काल तुमच्या पंचनाम्याची नक्कल मिळाली. तीत लिहिलंय, जप्त रोलवर भीमेवरच्या पुलाचे तीन फोटो आढळले. खाली तुमची सही, दोन पंचांचे अंगठे.

साहेब, तो रोल कोरा होता. तुम्ही तो उन्हात उपसलात, धुतलाही नाहीत. मग त्यावर पूल पाहिला कुणी, आणि कोणत्या डोळ्यांनी? तोंडी नको, लेखी उत्तर द्या.