दर आठवड्याची पहिली आंघोळ

त्या वर्षी त्या घरात दिवाळी नक्की किती वेळा झाली, हे कोणालाच सांगता येणार नाही. एकदा ऐन उन्हाळ्यात झाली, एकदा घरची सून तापानं फणफणलेली असताना झाली, आणि एका आठवड्यात तर दोनदा झाली. खऱ्या दिवाळीला तेव्हा कितीतरी महिने होते.

या सगळ्याला जबाबदार एकटा चष्मेवाला. चौकातल्या चष्म्याच्या दुकानात तो फ्रेममध्ये काचा बसवायचा, म्हणून बिल्डिंगमध्ये त्याला सगळे चष्मेवाला म्हणत. त्याचे वडील, म्हणजे नाना, शाळेत पीटीचे मास्तर होते. शाळा सुटून जमाना झाला, पण गळ्यातली शिट्टी सुटली नव्हती. बाकी बरंच काही सुटलं होतं. जेवलो की नाही हे ते विसरायचे. सून कोण हेही विसरायचे, आणि तिला अदबीनं विचारायचे, "बाई, आपण कोणाकडे आलात?" बाई बिचारी दर वेळी सांगायची, "तुमच्याकडेच."

हे सगळं चाललं असतं. पण आंघोळ! ज्या माणसानं आयुष्यभर पोरांच्या नखांची आणि कानांची तपासणी केली, तो आता पाण्याला शिवेना. "सकाळीच केली," एवढंच पालुपद. ओढून न्यावं तर ते दाराची चौकट धरून उभे राहायचे, आणि पीटी मास्तरांची पकड म्हातारपणीही पकडच असते. चष्मेवाला स्वतः लहानपणी पक्का आंघोळीचा चोर होता. त्याला न्हाणीघरात घालायचं म्हणजे नानांना शिट्टी वाजवत गल्लीभर त्याच्यामागे पळावं लागे. तेच आता व्याजासकट फिटतंय, असं बायको म्हणायची. त्याला त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं.

बायको बेकरीच्या काउंटरवर होती. दोघंही सकाळी बाहेर पडायचे, आणि दिवसभर नाना म्हाताऱ्या माणसांच्या केंद्रात बसायचे. केंद्राच्या बाई आधी गोड बोलल्या, मग नुसत्या बोलल्या, आणि मग म्हणाल्या, "असंच पाठवत राहिलात तर त्यांची जागा दुसऱ्या कोणाला तरी द्यावी लागेल. बाकीची माणसं शेजारी बसायला तयार नाहीत." जागा गेली की दोघांपैकी एकाला नोकरी सोडून घरी बसावं लागणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे चष्मेवाला नानांच्या पलंगाशी उभा राहिला आणि, कुठून बुद्धी झाली कोण जाणे, बोलून गेला, "नाना, उठा. आज दिवाळी. पहिली आंघोळ!"

नाना ताडकन उठले. शिट्टी तोंडात गेली आणि अख्खी बिल्डिंग जागी झाली.

"दिवाळी, आणि अजून लोळताय? तेल कुठंय? दिवा कुठंय? उटणं कोण भिजवणार, मी?"

बायकोनं डोक्याला लावायचं तेल गरम केलं, हळद आणि डाळीचं पीठ कालवलं, दारात दिवा ठेवला. चष्मेवाला खुशीत होता. आता म्हातारा पाटावर बसला की काम झालं! पण नानांनी पाटाकडे बोट दाखवलं ते त्याच्याकडे बघून. "बस."

"मी नाही, नाना. तुम्ही."

"आधी लहान, मग मोठे. लहानाच्या अंगाला तेल लागल्याशिवाय मोठ्यानं अंगावर पाणी घ्यायचं नसतं. एवढंही शिकवलं नाही का तुला, गुंड्या?"

पन्नाशीला टेकलेला गुंड्या मुकाट्यानं पाटावर बसला. नानांनी त्याला घासूनपुसून तेल लावलं, आणि लावता लावता दिवाळीचा अर्थही सांगितला. तो त्यांना पाठ होता. "नरकासुर म्हणजे कोण? आळस! सूर्य उगवायच्या आत त्याला मारायचा. उगवल्यावर मारलास तर तो मेला नाही, नुसता दमला. आणि दिवा पहाटेच का? तर अंधार असतानाच लावायचा असतो. उजाडल्यावर लावून कोणाला दाखवायचाय?" हे सगळं तेलाच्या तालावर. गुंड्याच्या डोळ्यांत तेल गेलं, कानात तेल गेलं, मान अवघडली. मग कुठं नाना स्वतः बसले आणि शहाण्या मुलासारखी आंघोळ करून उठले.

केंद्राच्या बाई खूष झाल्या. मग काय, दर दोन-चार दिवसांनी दिवाळी!

करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं चष्मेवाल्याला लवकरच वाटायला लागलं. नानांची दिवाळी अर्धीमुर्धी नसायची. दिवा हवा, नवे कपडे हवेत. मग बायको जुनाच सदरा इस्त्री करून कागदात गुंडाळून द्यायची. आंघोळीनंतर डाव्या पायाच्या अंगठ्यानं चिरडायला कारीट हवं. नरकासुर म्हणून चिरडायचं ते बोराएवढं कडू फळ अवेळी आणायचं कुठून? चष्मेवाल्यानं द्राक्ष ठेवलं. नानांनी ते चिरडलं, रीतीप्रमाणे बोट जिभेला लावलं आणि भुवया चढवल्या. "गोड? नरकासुर गोड कधीपासून झाला?" त्या दिवशी त्यांनी त्याला पुन्हा पाटावर बसवलं. पुढच्या वेळेपासून तो कारल्याची चकती ठेवायला लागला.

दुकानात निराळीच तऱ्हा. तेल कितीही धुतलं तरी बोटांना राहायचं. काचेला बोट लागलं की डाग, पुसावं तर दोन डाग. मालक म्हणाला, "गिऱ्हाईकाला चष्मा दिला तर ते म्हणतं, आधीच बरं दिसत होतं. तुझं काय चाललंय काय?" काय सांगणार? घरी दिवाळी आहे म्हणून सांगणार, तेही उन्हाळ्यात? खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई रात्रपाळी करून पहाटे झोपायच्या. त्यांनी जिन्यात गाठून विचारलं, "तुमच्यात सण वर्षातून किती वेळा असतो हो?" धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्याची गत झाली होती. दिवाळीचा अर्थ ऐकून ऐकून तर त्याचे कान किटले होते. आळस मारता मारता तोच झोपेवाचून मरायला टेकला होता.

बघता बघता खरी दिवाळी आठवड्यावर आली. बायको म्हणाली, "आता तरी हे थांबवा. वर्षाचा सण आहे. खरी येईल तेव्हा तिला काही चव राहू दे."

त्यानं थांबवलं. नानांनीही थांबवलं. आठ दिवस अंगाला पाण्याचा थेंब नाही. केंद्राला सणाची सुट्टी नव्हती. आदल्या संध्याकाळी तो नानांना आणायला गेला, तर केंद्राच्या बाई दारातच उभ्या होत्या. "उद्या आंघोळ घालून आणा, नाहीतर आणू नका. मी आता पुन्हा सांगणार नाही."

"उद्या नक्की," चष्मेवाला छातीठोकपणे म्हणाला. उद्या तर खरीच दिवाळी होती.

पहाटे सगळं तयार होतं. खरं उटणं, खरं कारीट, खरंच नवा सदरा. चष्मेवाला पलंगाशी गेला. "नाना, उठा. आज दिवाळी."

नानांनी एक डोळा उघडला. "परवाच झाली की."

"ती... ती वेगळी. ही खरी."

"रोज उठून दिवाळी, दिवाळी! काही धरबंध आहे की नाही? वर्षातून एकदा असते ती." आणि त्यांनी पांघरूण डोक्यावरून घेतलं.

ज्या माणसाला सून आठवत नव्हती, त्याला नेमकं हे आठवलं. लांडगा आला रे आला, म्हणतात ते हेच. चष्मेवाल्यानं समजावलं, विनवलं, कारीट नाकाशी धरलं, पांघरूण ओढलं. नानांनी पलंगाची दांडी धरली. आणि मग इतक्या महिन्यांचा ताप एकदम बाहेर आला.

"नका करू! जाऊ दे ती जागा, जाऊ दे नोकरी! मीही नाही करत! मला नको ते तेल, नको ती दिवाळी, काही नको मला!" तो ओरडला, आणि पाटाशेजारी जमिनीवरच भिंतीकडे तोंड करून बसला. गुडघ्यांत डोकं घातलं. रडू येत होतं आणि त्याची लाजही वाटत नव्हती. बायको गरम पाण्याची बादली घेऊन दारात उभी होती.

पलंग करकरला. पावलं आली.

"कोण रडतंय सणाच्या दिवशी?" नाना म्हणाले. "गुंड्या, ऊठ. पाटावर बस."

त्याच्या डोक्यावर कोमट तेल पडलं. तेच जड हात, तोच ताल. तो मान खाली घालून बसला. नाना सुनेकडे वळले आणि तिच्या कानाशी कुजबुजले. पण पीटी मास्तरांची कुजबुज. ती मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेली असती.

"बाई, तुम्ही याच्यावर रागावू नका. हा आंघोळीचा चोर आहे. नुसतं चल म्हटलं तर पळतो. दिवाळी आहे म्हटलं की तेवढा बसतो. म्हणून मीही म्हणतो, आहे बाबा दिवाळी. मला काय कळत नाही का, रोज दिवाळी नसते ते? थंडी मलाही वाजते. पण मी नाही उठलो तर हा पोरगा तसाच पारोसा राहील. त्याला सांगू नका हं."

"नाही सांगत," बायको म्हणाली. तिनं बादली पाटाजवळ ठेवली.

चष्मेवाल्यानं मान वर केली नाही. डोळ्यांत तेल गेलं होतं, आणि या वेळी ते त्यानं पुसलंही नाही. त्याची आंघोळ झाली. मग नाना आपणहून पाटावर बसले आणि त्यांनी पाठ पुढे केली. पाठ केवढीशी झाली होती. त्यानं हातावर तेल घेतलं आणि सावकाश चोळायला लागला. बाहेर अजून अंधार होता, दारातला दिवा शांत जळत होता.

अंगावर पाण्याचा पहिला तांब्या घालताना तो म्हणाला, "नाना, परवा पुन्हा दिवाळी आहे."

नानांनी सुनेकडे बघून डोळा मारला.

"बरं बाबा," ते म्हणाले. "आहे तर आहे."