डाव्या गुडघ्याचा पट्टा

मी डाव्या गुडघ्याचा पट्टा. बोलायची मला सवय नाही. जन्मभर घट्ट धरून ठेवायचं एवढंच काम केलं. तेव्हा सावकाश सांगेन, तुम्हीही सावकाश ऐका.

जाड काळं कापड, आतून रबर, दोन्ही अंगांना लोखंडी बिजागऱ्या. माझ्यासारखे हजार शिवले गेले असतील. मला खोक्यातून काढलं बर्नी व्रोनाने. अमेरिकेतल्या टोलेडो गावच्या बास्केटबॉल संघाचे गुडघे-घोटे सांभाळणारा हा माणूस. आतल्या बाजूला त्याने शाईने 'डावा' असं लिहिलं आणि मला ओरेल पिकेटच्या पायावर चढवलं.

ओरेल तेव्हा चौतीस वर्षांचा. या खेळात ते पिकलं पानच. पोरं त्याला थोरला म्हणायची.

"थोरल्या, हा पट्टा तुझ्यापेक्षा जास्त टिकेल बघ," बर्नी म्हणाला.

"मग जर्सी त्यालाच दे. उड्या तरी माझ्यापेक्षा उंच मारेल."

माणूस जगाशी खोटं बोलेल, पण गुडघ्याला बांधलेल्याशी नाही बोलू शकत. घरचा जिना चढताना ओरेल सहाव्या पायरीवर थांबायचा आणि फोन पाहिल्याचं सोंग करायचा. मैदानात शिरताना मात्र ताठ. कारण तिसऱ्या रांगेच्या टोकाला चाकांच्या खुर्चीत त्याची आई बसलेली असायची, व्हर्नाबाई. आठवड्यातून तीनदा तिला यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावं लागे, म्हणून गाव सोडता येत नसे. पण चौदा वर्षांत घरच्या मैदानावरचा एकही सामना तिने चुकवला नव्हता.

"ओरेल, पाय उचल! झाडू मारतोयस का?" ती ओरडायची. अख्खी रांग हसायची. आणि ओरेल पाय उचलायचा. किती दुखायचं ते मला ठाऊक.

त्याचं मागणं एकच होतं. एप्रिलमधला शेवटचा सामना इथे, आईसमोर खेळायचा आणि मग मला खिळ्याला टांगायचं.

यंदा त्याचा करार कच्चा होता. जानेवारीतल्या एका ठरलेल्या दिवशी पाचपर्यंत संघ त्याला सोडू शकत होता. पाच वाजून गेले की वर्षाचा पगार पक्का. त्या दिवशी कच्च्या कराराचे खेळाडू फोन उचलत नाहीत. न उचलल्याने काही टळत नाही, पण रीत आहे. ओरेलने फोन बर्नीच्या बर्फाच्या पेटीत पुरला. पाच वाजले तशी पोरांनी आरोळी ठोकली. इतक्यात टेडी मार्श दारात आला.

"थोरल्या, ठेवलं तुला."

टेडी म्हणजे संघात कोण राहणार, कोण जाणार हे ठरवणारा साहेब. पण कधीकाळी तो ओरेलच्या हाताखालचा नवखा खेळाडू होता. ओरेलची पिशवी वाहायचा. टायची गाठ त्याला ओरेलनेच शिकवलेली.

"टेडीने ठेवलं? चांगल्या घरचा पोरगा," व्हर्नाबाई म्हणाली.

चूक इथेच झाली. सगळ्यांची, माझीही. पक्का झाला होता तो पगार. गाव पक्कं झालं नव्हतं.

फेब्रुवारी आला. ईस्टरआधीच्या उपवासांच्या तोंडावरचा गुरुवार होता. बर्नीने त्याच्या पोलिश लोकांच्या रीतीप्रमाणे मुरंबा भरलेल्या तळलेल्या पॉन्चकी आणल्या होत्या. दुपारी टेडीने ओरेलला बोलावलं. मी पँटच्या आत होतो.

"बस, थोरल्या."

"उभाच बरा."

"स्पोकेनच्या संघातला एक पोरगा आणतोय आपण. संघाच्या पगाराची मर्यादा भरलीय. येणाऱ्याच्या तोडीचा पगार बाहेर गेल्याशिवाय नियम त्याला आत येऊ देत नाही. तुझा आकडा बरोब्बर बसतो, म्हणून बदल्यात तू स्पोकेनला. चारचं विमान आहे."

"म्हणजे जानेवारीत तू मला नाही ठेवलंस. आकड्याला ठेवलंस."

टेडीचा हात टायच्या गाठीकडे गेला.

बर्नीने आपल्या खोलीचं दार लावून घेतलं. "ऐक. तिथले डॉक्टर तुला तपासतील. नापास झालास तर सौदा मोडतो, तू परत इथे. पट्टा घालून जा. जिन्यावर लंगडतोस तसा लंगड. खोटं थोडंच आहे?"

ओरेल टेबलावर बसला. हो म्हण, हो म्हण, असं मी त्याला घट्ट धरून सांगत होतो. मग त्याने चर्रकन माझी पकड सोडवली.

"पास झालो तर खेळवतील, बर्नी. खेळलो तर आई टीव्हीवर तरी बघेल. आत्ता ती यंत्रावर आहे, फोन घेत नाही. तिला तू सांग."

आणि तो दारापर्यंत सरळ चालत गेला. माझ्याशिवाय.

संध्याकाळच्या सामन्यासाठी व्हर्नाबाईची गाडी तिला यंत्रावरून थेट मैदानावर घेऊन आली. बर्नी तिच्या शेजारी जाऊन बसला, खिशात मी आणि कागदात एक पॉन्चकी. ती सरावाच्या घोळक्यात पोरगा शोधत होती.

"कुठाय माझा? गुडघा धरला का त्याचा?"

बर्नीने सांगितलं.

"पण टेडीने ठेवलं होतं ना त्याला?"

बर्नीने मला तिच्या मांडीवर ठेवलं.

ओरेल तपासणीत पास झाला. दोन दिवसांनी स्पोकेनने त्याला सोडून दिलं, एक मिनिट न खेळवता. त्यांनाही आकडाच हवा होता, वर्षअखेर करार संपून पुढच्या वर्षी तेवढा पगार मोकळा करणारा. आणि असा सोडलेला खेळाडू जुन्या संघाला त्या हंगामात परत घेता येत नाही. हाही नियमच.

एप्रिलमधला शेवटचा सामना मायलेकांनी घरी टीव्हीवर पाहिला. बाई एकदाही ओरडली नाही.

आता मी तिच्या खुर्चीमागच्या पिशवीत असतो. आठवड्यातून तीनदा ओरेल तिला यंत्रावर नेतो, तिच्या शेजारी बसून राहतो. उठताना त्याला वेळ लागतो.

बाबांनो, कुणी थकला जीव 'मला ठेवताय ना?' असं विचारेल, तेव्हा नुसतं हो म्हणू नका. कशासाठी ठेवताय, तेही सांगा.

आणि ओरेल, तू अजून सहाव्या पायरीवर थांबतोस. आता फोन पाहिल्याचं सोंगही करत नाहीस. माझ्या आतली शाई पुसली नाही रे अजून. खेळायला नको, जिन्यापुरता तरी मला घाल.